२७ एप्रिल या तारखेला आफ्रिकेच्या इतिहासात काय घडलं?

एकाच तारखेला तीन देशांचं नशीब पालटलं. १९६० मध्ये टोगो फ्रेंचांच्या ताब्यातून सुटला, पुढच्याच वर्षी सिएरा लिओन ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला आणि मिल्टन मार्गाई तिथले पंतप्रधान झाले.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा दिवस १९९४ चा. दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदाच सर्व वर्णांच्या लोकांनी एकत्र मतदान केलं. केंद्रांबाहेर मैलोनमैल रांगा लागल्या होत्या. झुलू लोकांचा इंकाथा पक्ष ऐनवेळी निवडणुकीत उतरला, तोवर मतपत्रिका छापून झालेल्या. मग त्याच्या नावाची पट्टी तळाशी वेगळी चिकटवावी लागली! ७५ वर्षांच्या मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत डर्बनजवळच्या इनांडा इथल्या ओहलांगे शाळेत टाकलं. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष जॉन डुबे यांनी ही शाळा काढली, त्यांची समाधीही तिथेच आहे. गांधीजींचा फिनिक्स आश्रमही याच भागातला, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

मंडेलांच्या पक्षाला, म्हणजे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला, ४०० पैकी २५२ जागा मिळाल्या आणि १० मे रोजी ते राष्ट्राध्यक्ष झाले. तिथे २७ एप्रिल आता ‘स्वातंत्र्य दिन’ म्हणून पाळतात.