बांधाची माती कुठून येते?

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स, मेटेरी, केनर या भागांत राहणारे आणि मुलांकडे येऊन-जाऊन असणारे वाचक लेक पॉन्चरट्रेनच्या काठावरील पूरसंरक्षणाबद्दल विचारत असतात. पत्रे वेगवेगळी, पण गोंधळ तोच. म्हणून निवडक प्रश्नांना इथे एकत्र उत्तरे देत आहे.

मुलाने मेटेरीत सरोवरापासून चार गल्ल्यांवर घर घेतले आहे. तो म्हणतो, बांध ‘शंभर वर्षांच्या वादळा’साठी बांधलाय, म्हणजे आता शंभर वर्षे काळजी नाही. खरे का? (ठाणे)

नाही. त्याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता असलेले वादळ. 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असे वादळ एकदा तरी येण्याची शक्यता साधारण 26 टक्के होते. मुलाला पूरविमा घ्यायला सांगा, आणि तोही वादळाचा हंगाम तोंडावर येण्याआधी. सरकारी पूरविमा सहसा 30 दिवसांनी लागू होतो. ‘बांध झाला, आता विमा कशाला’ असे सांगणाऱ्या दलालाचे ऐकू नये.

पॉन्चरट्रेनला सरोवर म्हणतात, मग पाणी खारट कसे?

ती खाडी आहे. रिगोलेट्स आणि शेफ मेंटूर या वाटांनी समुद्राचे पाणी आत येते.

घरावरून मातीचे ट्रक जातात. हॉलच्या भिंतीला भेग पडली. दुसऱ्याच दिवशी एक जण दारात आला, ‘लेव्हीच्या (पूरबांधाच्या) कामामुळे पाया हललाय, आजच सही केलीत तर सवलत’ म्हणाला. काय करू? (केनर)

सही करू नका. बांधाचे काम सुरू झाले की अशी माणसे गल्लीगल्लीतून फिरू लागतात, आणि घाबरलेली माणसे हजारो डॉलर देऊन मोकळी होतात. तुमचा भाग दलदल उपसून वसवलेला आहे. खालची कुजकट माती वाळली की आक्रसते आणि पाया खचतो, ट्रक नसले तरी. ट्रकच्या कंपनाने भेग पडूच शकत नाही असे मी म्हणत नाही. पण कारण ठरवायचे काम पायाची दुरुस्ती विकणाऱ्याचे नाही. भेगेचे तारखेसह फोटो काढा, शेजारी पट्टी धरून रुंदी नोंदवा, दर आठवड्याला पुन्हा मोजा. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन पाहणी करून घ्या, दुरुस्ती करणाऱ्याकडून ‘मोफत’ पाहणी नको. मग ती नोंद घेऊन कामाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रारीचा काही उपयोग नाही.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, सध्या मुलाकडे आहे. आपल्याकडे मातीच्या धरणाच्या गाभ्याला काळी माती घालतात. इथे तर खणले की चिखल आणि पाणी. एवढ्या लांब बांधाला माती आणतात कुठून? (मेटेरी)

हा प्रश्न इतक्या वर्षांत मला फार थोड्यांनी विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

लोक बांधाची उंची बघतात. पर्यावरणावरचा मोठा घाव बांधाच्या जागी नसतोच, तो असतो खाणीच्या जागी. 29 ऑगस्ट 2005 ला कतरिना वादळात कालव्यांच्या भिंती फुटल्या, सुमारे 80 टक्के शहर पाण्याखाली गेले. त्यानंतर हे बांध बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलाने, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने (कोअर), मातीचे निकष कडक केले: चिकणमातीच हवी, वाळू 35 टक्क्यांहून जास्त नको, सेंद्रिय भाग 9 टक्क्यांहून जास्त नको. निकष योग्यच आहेत. भुसभुशीत मातीचे बांध लाटांनी कसे धुऊन गेले ते तेव्हा सगळ्यांनी पाहिले. पण अशी माती या त्रिभुज प्रदेशात सरसकट मिळत नाही. मग बॉने कॅरे स्पिलवेमधून (मिसिसिपी नदीच्या पुराचे पाणी सरोवरात सोडणारा सांडवा), नदीकाठच्या पॅरिशमधून (इथले जिल्हे), शेजारच्या मिसिसिपी राज्यातूनही खाणी शोधल्या गेल्या.

आपल्याकडे धरण बांधताना माती पुष्कळदा बुडणाऱ्या क्षेत्रातूनच उचलतात. खड्डा नंतर पाण्याखाली जातो, जमीन वेगळी वाया जात नाही. इथे तशी सोय नाही. बांधाने वाचवलेली जमीन एकीकडे आणि खणलेली जमीन दुसरीकडे. खणून झाले की उभ्या काठाचा खोल खड्डा उरतो, त्यात पाणी साठते. काठ उताराचे ठेवले, उथळ कडा सोडल्या, पाण्याला वाट दिली, तर तिथे पक्षी येतात, मासे राहतात. नाही दिली तर तळाशी प्राणवायू नसलेले साचलेले पाणी राहते. खाणीशेजारच्या वस्तीला धूळ, डास आणि दिवसभर ट्रक सोसावे लागतात, आणि त्या वस्तीला बांधाचा फायदा मिळेलच असे नाही.

माझी खरी तक्रार पुढची आहे. घाईमुळे 2007 साली पर्यावरण अभ्यासाची वेगळी पद्धत मंजूर झाली. संपूर्ण यंत्रणेचा एक अहवाल न करता तुकड्यातुकड्यांचे अहवाल: हा काठ वेगळा, ती भिंत वेगळी, खाणी वेगळ्या. पुढचे वादळ कुणासाठी थांबणार नव्हते, हे मला मान्य आहे. पण सगळ्याचा एकत्रित परिणाम मांडणारा दस्तऐवज आला तोवर कामे बहुतांशी उभी राहिली होती. तोडलेल्या पाणथळ जंगलाची भरपाईही बांधामागून रखडत आली. सायप्रसचे रोप लावले म्हणून त्याच वर्षी जंगल होत नाही.

शिवाय माती एकदाच लागत नाही. हे बांध मऊ जमिनीवर बसतात, दबतात, आणि समुद्र वर येतो आहे. 2019 मध्ये कोअरनेच जाहीर केले की पुन्हा उंची दिली नाही तर 2023 पासूनच काही भाग ठरलेल्या पातळीखाली जाऊ शकतील. म्हणजे दर काही वर्षांनी नवा थर द्यायचा आणि त्यासाठी पुन्हा खाण खणायची. पुढची माती कुठून आणि त्या खड्ड्याचे काय, हे प्रत्येक सुनावणीत विचारा. तुम्ही मातीचे माणूस आहात, तुमच्या प्रश्नाला वजन असेल. त्या खाणींचे भूस्तर-नमुन्यांचे अहवाल मागा, आणि ते वाचायला स्थानिक माती-अभियंत्याची मदत घ्या. इथली चिकणमाती आपल्या काळ्या मातीसारखी वागेलच असे धरू नका.

काठाला दगड टाकतात तेव्हा खेकडे-कोळंबी कायमची जातात का?

कायमची नाही. गढूळपणा पाण्यात गाळ अडवणाऱ्या पडद्याने आवरता येतो, आणि पुढे दगडांच्या फटीत मासे आसरा घेतात. बार्ज (सपाट मालवाहू नाव) काठापर्यंत आणायला उथळ तळात खोदलेला चर मात्र काम संपल्यावर बुजवलाच पाहिजे. न बुजवलेल्या चरात जड, खारट पाणी साचते आणि तळचे जीव गुदमरतात. चर दिसत राहिला तर मासेमारी खात्याला कळवा.

वादळात सीब्रुकचे दार (सरोवराच्या तोंडाशी असलेले पूरदार) आणि कालव्यांची दारे लावतात. सरोवराचा श्वास कोंडत नाही का?

दारे वादळापुरती लागतात, तेवढ्याने सरोवराचे बिघडत नाही. 2009 साली मिसिसिपी रिव्हर-गल्फ आउटलेट हा जहाजांचा कालवा दगडांनी बंद केल्यावर तर तळाशी शिरणारे खारे पाणी कमी झाले, ते चांगलेच झाले. मला चिंता पंपांनी येणाऱ्या पाण्याची आहे. 17व्या रस्त्याच्या कालव्यावरचे नवे पंप सेकंदाला 12,600 घनफूट पाणी सरोवरात ढकलू शकतात, लंडन अ‍ॅव्हेन्यूचे 9,000, ऑर्लिन्स अ‍ॅव्हेन्यूचे 2,700. त्यासोबत रस्त्यांवरचे तेल, शिसे, प्लास्टिक सगळे जाते. त्यावर इलाज गल्लीतच करायला हवा, पंपाशी नाही. वादळानंतर लगेच पोहायला जाऊ नका, आधी आरोग्य खात्याची सूचना बघा.

उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा थर येतो. शेजारी म्हणतात बांधामुळे.

ऐकीव गोष्ट. बॉने कॅरे उघडल्यावर नदीबरोबर शेतांतले खत येते, ते मुख्य कारण. 2019 मध्ये तो दोनदा उघडला, एकूण 123 दिवस. मुले आणि कुत्री पाण्यापासून लांब ठेवा. अंगावर पुरळ आले तर डॉक्टरांना दाखवा, घरगुती लेप नको.

बांधाला लागून परसात आंब्याचे झाड लावले तर चालेल?

बांधाच्या पायथ्याशी नाही. मुळांच्या वाटेने पाणी पाझरते. किती अंतर सोडायचे ते खड्डा घेण्याआधी लेव्ही कार्यालयात विचारा, नर्सरीवाल्याला नाही.

आमच्या भागाच्या कामावर हरकती मागवल्या होत्या म्हणे, आम्हाला मुदत संपल्यावर कळले. आता काही करता येईल?

येईल, पण वजन कमी राहील. आजच पत्र पाठवा, पोच घ्या, आणि कोअरच्या जिल्हा कार्यालयाच्या सूचना-यादीत नाव नोंदवा. तुकड्यातुकड्यांच्या त्या अहवालांना हरकतीसाठी 30 दिवसच असत, आणि त्यातले पहिले तीन आठवडे माणसे एकमेकांना विचारण्यातच घालवतात. तुमच्या घराचे थेट नुकसान होणार असेल तर वकिलाला गाठा, पुढच्या सभेची वाट बघू नका.