पूर्व आफ्रिकेत हिंसाचार भडकण्याआधी सुगावा देणारी माहिती ऑनलाइन कुठे मिळते?

मिळते, तीही फुकट. ढोबळ अंदाज हवा असेल तर इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुप या जगभरच्या संघर्षांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेचं ‘क्रायसिसवॉच’ दर महिन्याला बघा. कुठं बिघडलं, कुठं निवळलं ते थोडक्यात कळतं. संयुक्त राष्ट्रांचं ‘रिलीफवेब’ हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे, पण तिथं अहवालांचा एवढा ढीग असतो की फिल्टर लावल्याशिवाय शिरूच नका.

खरं बघण्यासारखं उदाहरण केनियाचं. डिसेंबर २००७ च्या निवडणूक निकालावरून तिथं हिंसाचार उसळला, हजारावर माणसं मेली. सरकारनं थेट प्रक्षेपणावर बंदी घातली होती. तेव्हा काही ब्लॉगर आणि प्रोग्रॅमर मंडळींनी थोड्याच दिवसांत ‘उशाहिदी’ (स्वाहिलीत अर्थ ‘साक्ष’) उभं केलं. गावातल्या माणसानं एसएमएस करायचा, की नकाशावर ठिपका उमटायचा. पण हे सगळं आग लागल्यावरचं. २०१० च्या राज्यघटनेवरच्या सार्वमताआधी ‘उविआनो’ नावाचा असाच मंच सुरू झाला, त्यात संदेश १०८ वर फुकट पाठवता यायचा. (आपल्याकडे १०८ म्हणजे ॲम्ब्युलन्स!) फरक असा की त्याच्या पाठीशी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शांतता समित्या होत्या, गावात कुणी पत्रकं वाटून भडकवतंय असं कळलं तर जाऊन बोलणारं कुणीतरी होतं. नुसत्या ठिपक्यांनी दंगल थांबत नाही.

गुरं पळवण्यावरून सीमाभागात होणाऱ्या मारामाऱ्यांमध्ये रस असेल तर इगाड या प्रादेशिक संघटनेची ‘सीवॉर्न’ यंत्रणा शोधा, २००२ पासूनची आहे.