चेनसॉने बांधावरची कललेली बाभूळ पाडायची आहे. मागून सरळ कापलं तर आपोआप पडेल ना?

नाही. हाच प्रश्न, अगदी याच शब्दांत, आमच्या नानांनी (चुलते) मला विचारला होता. विचारला म्हणजे ऐकवला.

अनेर नदीच्या काठी आमचं शेत. बांधावर दीड फूट जाडीची बाभूळ, शेजारच्या मोकळ्या वावराकडे झुकलेली. मी म्हटलं, नाना, आधी झाड झुकलंय त्या बाजूला खाच पाडू. नाना म्हणाले, "तुले काय समजस?" आणि मशीन थेट मागून लावलं. निम्मंही कापून झालं नव्हतं, तोच तड्कन आवाज आला. खोड उभंच फाटलं, पुरुषभर उंच, आणि मागची फाळ उसळून वर आली. नानांच्या खांद्यावर बसली. हसळी मोडली. मशीन मातीत पडून भुरभुरतंय आणि नाना म्हणतायत, "आधी ते बंद कर, पेट्रोल जातंय."

कललेल्या झाडाच्या मागच्या अंगाला ताण असतो, धनुष्यासारखा. पुढे खाच नसली की खोड वाकायला जागा मिळत नाही, मग ते फाटतं. म्हणून पुढे जाडीच्या पाव हिस्सा खाच घ्या, तोंड चांगलं मोठं उघडं ठेवून. खाचेच्या मागे दोनेक इंच लाकूड बिजागरीसारखं राखायचं, ते शेवटपर्यंत कापायचं नाही. झाड त्याच्यावरच फिरून पडतं. जास्त कललेलं असेल तर मागून कापत येऊच नका. बिजागरीच्या मागे मशीनची पट्टी (जिच्यावर साखळी फिरते ती) आरपार घाला, तिथून मागे कापत जा, पाठीला थोडं लाकूड धरून ठेवा आणि ते सगळ्यात शेवटी तोडा. पट्टी घुसवताना टोकाचा खालचा भाग आधी लावायचा. वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उलटून तोंडावर येतं. हे जमत नसेल तर रोजंदारीवर जाणता माणूस बोलवा, लाज कसली?

झाड हललं की मशीन सोडून मागे तिरकं निघायचं. वाट आधीच साफ केलेली हवी. ठीक मागे उभं राहायचं नाही, नाना तिथेच होते. बघे झाडाच्या दुप्पट उंचीइतके लांब. दोरी लावून ट्रॅक्टरने ओढायचं म्हणाल तर कललेल्या झाडाला तो ताण वाढवायचाच धंदा आहे, नाना काहीही म्हणोत.

हो, राहिलंच. हेल्मेट घाला. वरून विजेची तार जात असेल तर झाडाला हात लावू नका. आणि साग, मोह, आंबा, चिंच अशी झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतात, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभळीचंही आधी तलाठ्याला विचारून घ्या.

नाना आजही सांगतात, बाभूळ आतून पोकळ होती म्हणून फाटली. त्या फाळीचा तुकडा मी खळ्यात ठेवलाय. आतून तांबडा, असा घट्ट की कुऱ्हाड उलटी येते. पोकळ म्हणे!