टाइमशेअरचा आठवडा देऊन क्रूझ घ्यावी का?

फ्लोरिडातला टाइमशेअरचा आठवडा, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा राहायचा हक्क, नुकताच घेतलाय आणि पहिल्याच वर्षी तो देऊन कॅरिबियन क्रूझ करायची म्हणताय. उत्साह समजतो. पण एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्या: आरसीआय किंवा इंटरव्हल इंटरनॅशनल या आठवडे बदलून देणाऱ्या कंपन्यांकडे आठवडा दिला म्हणून क्रूझ फुकट मिळत नाही. केबिनच्या भाड्यात सूट मिळते, बाकीचे पैसे तुम्हीच भरायचे.

नवे लोक इथेच फसतात. आठवडा त्यांना फुकटचा वाटतो, पण त्याचा मेंटेनन्स (रिसॉर्टच्या देखभालीची वर्षाची फी) आपण भरलेला असतो! समजा, १,२०० डॉलर भरलेत आणि सूट मिळाली ५०० ची, तर ७०० डॉलर पाण्यात गेले.

बुकिंगआधी एवढं करा:

- तेच जहाज, तीच तारीख, तशीच केबिन क्रूझ कंपनीच्या स्वतःच्या साइटवर केवढ्याला आहे ते बघा. हे न बघता कधीच हो म्हणू नका.
- पोर्ट चार्जेस, कर, एक्सचेंज फी (आठवडा बदलून देण्याचं शुल्क) धरून एकूण रक्कम लेखी मागा. टिप वेगळी. मोठ्या जहाजांवर ती माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर पडते, म्हणजे दोघांचे सात रात्रींचे सव्वादोनशे तरी.
- बेत रद्द झाला तर आठवडा परत मिळतो का, तेही विचारा.

माझं मत विचाराल तर आठवडा दुसऱ्या रिसॉर्टशी बदला, तिथे तो खरा वसूल होतो. क्रूझ सरळ पैसे देऊन घ्या; जानेवारी ते मार्च बऱ्याच कंपन्या चांगल्या ऑफर काढतात. आठवड्याची मुदत संपून तो वाया जाणारच असेल, तर मात्र मिळेल ती सूट पदरात पाडून घ्या.