वाचकांचे प्रश्न : नाइस 19 देऊनही संगणक का अडखळतो?

प्रश्न : लग्नाच्या चित्रीकरणाचा माझा व्यवसाय आहे. लिनक्सच्या एकाच संगणकावर व्हिडिओ रेंडरिंग आणि बिलांचे काम चालते. एफएफएमपेग हा रेंडरिंगचा प्रोग्राम मी ‘नाइस 19’ (सर्वांत कमी प्राधान्य) देऊन सुरू करतो, चालू प्रक्रियांची यादी दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये एनआयच्या रकान्यात 19 दिसतेही, तरी दुसऱ्या टर्मिनलमधून सुरू केलेला बिलांचा प्रोग्राम अडखळतोच. प्राधान्य लागूच होत नाही का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : लागू होते, परंतु बहुधा आपल्याला हवे तेथे होत नाही. नाइसचे मूल्य -20 पासून 19 पर्यंत असते आणि प्रत्येक मूल्यामागे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) एक भार, म्हणजे वेळेच्या वाटणीचे प्रमाण, ठरवलेला आहे : 0 साठी 1024, तर 19 साठी अवघा 15. एकाच कोअरवर अशा दोन प्रक्रिया सतत काम मागत असतील, तर 19 वालीच्या वाट्याला सुमारे दीड टक्का वेळ येतो. एवढी मोठी तफावत असूनही फरक जाणवत नसेल, तर संशय ‘ऑटोग्रुप’वर घ्यावा. माइक गालब्रेथ यांनी लिहिलेली ही सोय 2011 मध्ये कर्नल 2.6.38 मध्ये आली. ती चालू असताना प्रत्येक टर्मिनल सत्राचा स्वतंत्र गट बनतो, सीपीयूचा वेळ आधी गटागटांत वाटला जातो आणि नाइसची तुलना फक्त त्या-त्या गटाच्या आत होते. आपले रेंडरिंग त्याच्या गटात एकटेच असल्याने त्याचा 19 कोणाच्याही तुलनेत 19 ठरत नाही, आणि दोन्ही गट बरोबरीने वाटा मागतात.

यावर उपाय असा की ‘प्रॉक’ या कर्नलच्या माहितीच्या फोल्डरखाली त्या प्रक्रियेच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ‘ऑटोग्रुप’ नावाची फाइल असते, तिच्यात 19 लिहावे. म्हणजे संपूर्ण गटच मागे सरतो. किंवा दोन्ही कामे एकाच टर्मिनलमधून सुरू करावीत. मात्र सिस्टिमडीने (प्रोग्राम आणि सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेने) प्रोग्राम वेगवेगळ्या सी-ग्रुपमध्ये, म्हणजे कर्नलच्या नियंत्रण-गटांत, ठेवून सीपीयूचे नियंत्रण चालू केले असेल, तर ऑटोग्रुपचा प्रभाव उरत नाही. तेथे ‘सीपीयू-वेट’ हे गटाचा वाटा ठरवणारे मूल्य पाहावे, जे मुळात 100 असते.

हे सारे करण्यापूर्वी ‘टॉप’च्या वरच्या ओळीतील ‘डब्ल्यूए’चा, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा, आकडा अवश्य पाहावा. तो सतत मोठा असेल, तर अडचण सीपीयूची नसून डिस्कची आहे. लग्नाच्या चित्रीकरणाच्या अवाढव्य फाइली जुन्या हार्डडिस्कवर वाचल्या-लिहिल्या जात असतील, तर नाइस कितीही बदलले तरी बिलांचा प्रोग्राम ताटकळणारच.

प्रश्न : आमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरचा प्रोग्राम सिरियल पोर्टवरून वजन वाचतो. कापसाच्या हंगामात गाड्यांची रांग लागते आणि नेमका तेव्हाच कोणी हिशेबाचा अहवाल काढला की पडद्यावरचे वजन उशिरा बदलते. एकाने ‘फिफो’ धोरण आणि 99 प्राधान्य द्यायला सांगितले. द्यावे का?
— एक वाचक, धरणगाव

उत्तर : 99 देऊ नये. सल्ल्याची दिशा चुकीची नाही, कारण काट्याचा प्रोग्राम बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि वजन आले की क्षणभर काम करून पुन्हा झोपतो. रिअल-टाइम, म्हणजे काम आले की लगेच चालवण्याचे, धोरण अशाच कामासाठी आहे आणि ‘फिफो’ हा त्याचाच एक प्रकार. या धोरणातील प्राधान्य 1 ते 99 असते आणि त्यातील कोणतीही प्रक्रिया सामान्य प्रक्रियांच्या आधी चालते. ऑटोग्रुपची वाटणीही तिला लागू होत नाही. परंतु ‘फिफो’तील प्रक्रिया स्वतःहून थांबेपर्यंत किंवा अधिक प्राधान्याची दुसरी येईपर्यंत सीपीयू सोडत नाही. पोर्टची तार निघाली आणि प्रोग्राम रिकाम्या वाचनाच्या चक्रात अडकला, तर तो कोअर जवळजवळ गिळंकृत होतो. कर्नल मुळातच दर सेकंदाला सुमारे 50 मिलिसेकंद इतरांसाठी राखून ठेवते, पण तेवढ्यात माउसही धड हलत नाही.

‘सीएचआरटी’ या धोरण ठरवण्याच्या आज्ञेने 10 एवढे प्राधान्य पुष्कळ झाले. थ्रेडमधून चालणाऱ्या इंटरप्टना (उपकरणांकडून येणाऱ्या सूचनांच्या कामांना) मुळात 50 मिळते, त्यांच्या खाली राहणे शहाणपणाचे आहे. ‘आरआर’ हा रिअल-टाइमचा दुसरा प्रकार निवडला तरी चालेल, पण त्यातील आळीपाळी केवळ समान प्राधान्याच्या प्रक्रियांमध्ये असते. अशी प्रक्रिया एकच असेल, तर तो ‘फिफो’सारखाच वागतो, अनेकांना वाटते तसे त्यामुळे काही सुरक्षित होत नाही.

माझ्या मते आधी उलट बाजूने सुरुवात करावी : अहवालालाच ‘बॅच’ (घाई नसलेल्या मोठ्या कामांचे) धोरण आणि नाइस 10 द्यावे. त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत, कारण स्वतःचे काम मागे ढकलण्याची मुभा सर्वांना असते. त्याने भागले नाही तरच रिअल-टाइमकडे वळावे आणि तेव्हा ‘रिसेट ऑन फोर्क’चा पर्याय विसरू नये. नाहीतर काट्याचा प्रोग्राम पावती छापण्यासाठी जी दुसरी प्रक्रिया सुरू करतो, तिलाही तेच प्राधान्य वारशाने मिळते.