मिक्सरच्या इंजिनात हायड्रॉलिकचं ६८ चालेल का?

यंत्रशंका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (कराड) : आमच्या १०/७च्या काँक्रीट मिक्सरवर एअर-कूल्ड, सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन आहे. पुस्तिकेत १५ डब्ल्यू ४० लिहिलंय. जेसीबीसाठी हायड्रॉलिक ऑइलचा बॅरल साइटवर असतोच. ऑपरेटर म्हणतो, ‘ते ६८ नंबर आहे, ४०पेक्षा जाडच, तेच ओतू.’ चालेल का?

उत्तर : चालणार नाही. आणि ६८ हे ४०पेक्षा जाड नाही, पातळ आहे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या मापातले आहेत, म्हणून हा घोटाळा होतो.

हायड्रॉलिकचा ६८ हा आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा नंबर. ४० अंश सेल्सिअसला त्या तेलाचा दाटपणा ६८ सेंटिस्टोकच्या (दाटपणाचं एकक) आसपास असतो. १५ डब्ल्यू ४० त्याच तापमानाला साधारण ११० भरतं. खरी परीक्षा तापल्यावर. १०० अंशाला एसएई (इंजिन ऑइलच्या नंबरांचं माप) ४०च्या तेलाने किमान १२.५ राखायलाच हवेत, तिथे ६८ नंबर साडेआठ-पावणेनऊवर येतो. म्हणजे इंजिनाच्या भाषेत ते जेमतेम २० नंबरचं तेल. गिअर ऑइलच्या ९०चंही असंच आहे. त्याचा दाटपणा इंजिनच्या ४०-५० नंबरइतकाच असतो, दुप्पटबिप्पट काही नाही. तरी तेही इंजिनात घालायचं नाही, कारण त्यातली रसायनं गिअरच्या दात्यांसाठी असतात.

नुसत्या दाटपणावरही भागत नाही. डिझेल जळताना काजळी होते. इंजिन ऑइलमधली डिटर्जंटसारखी द्रव्यं ती काजळी तेलातच तरंगत ठेवतात. म्हणूनच नवं तेल दोन-तीन दिवसांत काळं होतं, आणि ते चांगलं लक्षण आहे. हायड्रॉलिक ऑइलमध्ये ही सोय नसते. काजळी पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत बसते, रिंगा चिकटतात, कॉम्प्रेशन पडतं आणि मग सकाळी हँडल मारून मारून माणसं दमतात.

डब्यावर दोन गोष्टी बघा : १५ डब्ल्यू ४० हा ग्रेड आणि एपीआयची, म्हणजे तेलाचा दर्जा सांगणारी अक्षरं. ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी, ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलसाठी. पुस्तिकेत सीएफ-४ असेल तर सीएच-४ किंवा सीआय-४ बिनधास्त घ्या. २० डब्ल्यू ४० मिळालं तरी अडू नका. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या सुरुवातीचा असतो, आणि कराडच्या हवेत १५ की २० यावर भांडण्यासारखं काही नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला डिसेंबरात काम असेल तर मात्र १५च घ्या.

चुकून हायड्रॉलिक घातलं असेल तर इंजिन गरम असतानाच सगळं काढा, गाळणी धुवा, योग्य तेल भरा आणि त्यापुढची बदली ठरलेल्या तासांच्या निम्म्यावर करा.

जाता जाता, ब्रँडपेक्षा धूळ महत्त्वाची. क्रश सँडची भुकटी आत गेली तर कितीही भारी तेल असो, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) घासणारच. ऑइल-बाथ एअर क्लीनर (हवेतली धूळ तेलात पकडणारा) असेल तर त्याच्या वाटीत खुणेपर्यंत इंजिनचंच तेल घाला, वर नाही. जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतं. वाटीच्या तळाचं तेल चिमटीत चोळून बघा. करकर लागली की वाटी धुवायची.

प्रश्न (जत) : मुरूम दाबायच्या प्लेट कॉम्पॅक्टरला पेट्रोल इंजिन आहे, होंडा जीएक्स १६०. मोटरसायकलचं ऑइल चालतं का? आणि उतारावर मशीन मध्येच बंद पडतं, पेट्रोल तर असतं.

उत्तर : फोर-स्ट्रोक गाडीचं १० डब्ल्यू ३० चालतं. गाडीच्या तेलावर जासो एमए असं लिहिलेलं असतं, ते ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचसाठी. इथे तसला क्लच नाही, पण त्याने बिघडत काहीच नाही. टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मात्र या इंजिनात कुठेच नको.

बंद पडायचं कारण बहुधा तेलाची पातळी. याच्या बऱ्याच मॉडेलांत लेव्हल कमी झाली की इंजिन बंद करणारा ऑइल अलर्ट सेन्सर असतो. एकूण तेल मावतं जेमतेम ०.६ लिटर, त्यामुळे शंभर-दीडशे मिली कमी झालं तरी फरक पडतो. शिवाय २० अंशांहून जास्त उतारावर हे इंजिन चालवायचंच नाही. मशीन सपाट जागी ठेवा, तेल मोजायची काडी पुसा आणि आटे न फिरवता नुसती आत टेकवून बघा. आवळून बघितलं तर पातळी आहे त्याहून जास्त दिसते. इथेच बहुतेकांची चूक होते. पहिली बदली २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. रोज सहा तास चाललं तर १०० तास सतरा दिवसांत भरतात, म्हणून हजेरीच्या वहीतच तास मांडत चला. सेन्सरची वायर काढून मशीन चालवू नका. कनेक्टिंग रॉड तुटला की तेल वाचवल्याच्या कित्येक पट खर्च येतो.

प्रश्न (मेढा) : डिझेल मिक्सरच्या काडीवर तेल वाढलेलं दिसतंय. आम्ही तर घातलेलं नाही.

उत्तर : इंजिन सुरू करू नका. आत डिझेल नाहीतर पाणी गेलंय. तेलाचा थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका. चरचर झाली तर पाणी. तेल दुधट दिसत असेल तर शंकाच नको. एअर-कूल्ड इंजिनात कूलंट नसतं, म्हणजे पाणी पावसाचंच : सैल झाकण किंवा ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी). तेल पातळ झालं असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल फवारणारं नोझल गळतंय किंवा डिझेल पंपाचं एलिमेंट (आतला दांडा) झिजलंय. ते दुरुस्त केल्याशिवाय नुसतं तेल बदलून उपयोग नाही. पातळी फार वाढली तर इंजिन तेच तेल ओढून बेफाम पळू शकतं, थ्रॉटल बंद केला तरी.

प्रश्न (तासगाव) : इंजिनातून निघालेलं जळकं ऑइल सेंटरिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) प्लेटांना लावलं तर?

उत्तर : सर्रास लावतात, पण लावू नका. स्लॅबच्या तळाला डाग पडतात, प्लास्टर धरत नाही आणि मजुरांच्या कातडीलाही ते वाईट. शटरिंग ऑइल घ्या आणि डब्यावर लिहिलंय त्या प्रमाणात पाणी मिसळा. जळकं ऑइल घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या डब्यात साठवा, पाणी मिसळू देऊ नका आणि परवानाधारक रिसायकलरलाच द्या.