घरी दोरीचं ब्रेसलेट विणताय? दोरी कापण्याआधी नमुना विणा

‘एका ब्रेसलेटला दोरी किती?’ याचं एकच उत्तर नाही. दोरीची जाडी आणि तुमचा हात गाठ किती घट्ट ओढतो, यावर ते ठरतं. म्हणून आधी ३ सेंमी नमुना विणा. विणायच्या दोन्ही दोऱ्या मोजून घ्या, विणून झाल्यावर उरलेल्या मोजा.

१ मिमी नायलॉन दोरीच्या चौकोनी गाठीत (मधल्या दोन दोऱ्यांभोवती बाजूच्या दोन दोऱ्या बांधत जायची वीण) ३ सेंमी नमुन्याला एकेक बाजू साधारण १३-१४ सेंमी दोरी खाते. मनगट १६ सेंमी आणि सरकती गाठ (ब्रेसलेट सैल-घट्ट करणारी) हवी, तर विणकाम १२ सेंमी पुरे. म्हणजे नमुन्याच्या चौपट, दर बाजूला ५५ सेंमी. शेवटी बोटांत धरायला १५ सेंमी जादा. थोडक्यात १४० सेंमीची एक दोरी मधोमध दुमडायची. मधल्या दोन दोऱ्या मात्र गाठीत खर्च होत नाहीत. त्या प्रत्येकी ४० सेंमी बास. नवशिके नेमक्या याच लांब कापतात आणि विणायची दोरी तोकडी पडते. मग मधेच जोड द्यावा लागतो, आणि तो दिसतोच.

सरकत्या गाठीला वेगळी ३० सेंमी.

४ मिमी पॅराकॉर्डचा (पॅराशूटसारख्या जाड नायलॉन दोरीचा) हिशेब निराळा: विणलेल्या दर इंचाला साधारण फूटभर. जाड विणीने आतला घेर आवळतो, म्हणून मनगटाच्या मापात २ सेंमी वाढवा.

मण्याच्या भोकातून मधल्या दोन्ही दोऱ्या जातात का, ते ठाण्याच्या जांभळी नाक्यावर दुकानातच दोरीचा तुकडा घालून बघा. राखीसाठी बरेच नग करणार असाल तर सगळी रिळं एकदम घ्या, पुढच्या लॉटचा लाल थोडा वेगळा निघतो. सुती दोरीची टोकं नायलॉनसारखी लायटरने वितळत नाहीत, जळतात, तिथे गोंदच.